झोन दाखला आणि भाग नकाशा : शेतीच्या राखणीला ही सेवा किती पुरते?

शहराच्या वेशीवर जमीन घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि तिथे शेती टिकवू पाहणाऱ्यालाही नगर रचना खात्याचे दोन कागद लागतात : झोन दाखला (जमीन नियोजनाच्या कोणत्या पट्ट्यात, म्हणजे रहिवास, शेती की आणखी कशात येते, हे सांगणारा) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला आपल्या गटाभोवतीचा तुकडा). आपला गट कोणत्या पट्ट्यात येतो हे कळण्यापुरती ही सेवा चांगली आहे, पाचपैकी साडेतीन गुण. पण शेतजमीन शेतीतच राहावी यासाठी तिच्यावर भिस्त ठेवली तर दीडच्या वर गुण देता येत नाहीत. दाखला फक्त मागणाऱ्याशी बोलतो. बांधापलीकडच्या गटाचा झोन बदलायला घातला आहे, हे तो शेजाऱ्याला कळवत नाही, आणि शेतीची वाताहत बहुतेक वेळा बांधापलीकडूनच सुरू होते.

आधी या कागदाचं वजन इतकं का वाढलं ते बघू. सातबाऱ्यावर झोन नसतो. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र आणि इतर हक्क, बारामध्ये पिकं; नियोजनाचा पट्टा या दोन्हींत कुठेच येत नाही. तो ठरतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत. पूर्वी शेतीची बिनशेती करायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागायचा आणि त्या टेबलावर पाटबंधारे, बांधकाम, भूसंपादन अशा खात्यांचे अभिप्राय गोळा व्हायचे. वेळखाऊ होतं, पण ती एक चाळणी होती. २०१७ च्या दुरुस्तीने संहितेत ४२ ब, ४२ क आणि ४२ ड ही कलमं आली. योजनेने जो वापर नेमून दिला आहे त्यासाठी तेव्हापासून स्वतंत्र अकृषिक परवानगी लागेनाशी झाली. रूपांतर कर आणि लागू असेल तिथे नजराणा (सरकारी अटीच्या जमिनीवर भरायची रक्कम) भरला की काम होऊ लागलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीलाही रहिवासासाठी रूपांतरित मानण्याची तरतूद त्यातच आली.

तुकडेबंदीचं, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचंही तसंच झालं. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. २०२५ मध्ये रहिवास, वाणिज्य, औद्योगिक अशा पट्ट्यांतल्या जमिनींना त्या बंधनातून मोकळीक दिली गेली. म्हणजे गुंठा-दोन गुंठ्यांची विक्री अडते की नाही, हेही आता झोनवरच येऊन ठेपलं आहे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये हा कुळकायद्याच्या कलम ६३ चा अटकाव अजून उभा आहे, पण तो माणूस बघतो, वापर बघत नाही. शेतकरी असल्याचा दाखला हातात असलेला माणूस जमीन घेऊन तिचं काय करतो, हे झोनच ठरवतो.

आता प्रत्यक्ष सेवा. पहिलं घोडं अडतं ते कार्यालय कोणतं इथे. गाव महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत असेल तर तिथला नगररचना विभाग. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर ते प्राधिकरण. सिडकोसारखं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं असेल तर ते. आणि यातलं काहीच नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचं सहायक संचालक, नगर रचना यांचं शाखा कार्यालय. पुण्याभोवती हे किती सरकतं ते पाहण्यासारखं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यानंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शिवाय गाव महापालिकेत गेलं म्हणजे त्याचं नियोजनही तिथेच गेलं असं नसतं. २३ गावांसाठी नियोजनाचं काम महानगर प्राधिकरणाकडे दिलं गेलं होतं. अर्ज चुकीच्या दारात पडला तर तो पुढे पाठवला जाईल या आशेवर राहू नये. बहुतेकदा तो तिथेच पडून राहतो आणि मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.

सोबत लागतं ते एवढंच : डिजिटल सहीचा ताजा सातबारा (ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो), उप अधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाचा प्रमाणित गट नकाशा, आणि फी भरल्याचं चलन. महाभूलेखच्या भूनकाशावरून काढलेली प्रिंट स्वतःला अंदाज यायला ठीक, पण ती प्रमाणित प्रत नव्हे. गटाचे पोटहिस्से पडले असतील तर मोजणीची 'क' प्रतही (सरकारी मोजणीनंतर मिळणारा नकाशा) जोडावी. अर्जात झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्ही मागावेत. नुसता दाखला घेऊन परतणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे, कारण दाखल्यात एक वाक्य असतं आणि खरी गोष्ट नकाशात असते. नागरी स्थानिक संस्थांमध्ये या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत : भाग नकाशाला ३ दिवस, झोन दाखल्याला ७ दिवस. अर्ज 'आपले सरकार'वरून किंवा संस्थेच्या स्वतःच्या पोर्टलवरून करता येतो. कागदपत्रं पुरी असल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

भाग नकाशा हातात आला की पहिलं काम, त्यावरचं माप वाचणं. झोनची हद्द दाखवणारी रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरू. १:१०,००० मापावर ती रेघ जमिनीवर ५ मीटर रुंद होते. १:५०,००० वर २५ मीटर. शंभर मीटर लांबीच्या बांधाला लागून अशी रेघ गेली, तर दुसऱ्या मापावर सुमारे २५ गुंठे नुसत्या रेघेखाली जातात. हे २५ गुंठे पिवळ्यात (रहिवास) की हिरव्यात (शेती), यावरून भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि ज्याला पिवळं हवं असतं तो रेघेच्या पलीकडच्या कडेवरून मोजतो. म्हणून रेघ गटातून जात असेल तर 'गट अंशतः रहिवास व अंशतः शेती विभागात' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या बाजूला किती क्षेत्र, याचा खुलासा लेखी मागावा आणि मोजणी नकाशावर ती रेघ बसवून द्यायला सांगावं. योजनेचे मूळ नकाशे आणि गावचे गट नकाशे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या मापांवर झालेले आहेत. ते एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. नाला, पाणंद, गावशिव अशा जागच्या खुणा नकाशावर पकडून मगच रेघ ठरवावी.

नदीकाठच्या गटांत आणखी दोन रेषा पाहाव्यात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. झोन रहिवासाचा असला तरी निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदीच असते, लाल रेषेपर्यंत कडक अटी. या रेषा जलसंपदा खात्याच्या असतात आणि प्रत्येक भाग नकाशावर उतरवलेल्या असतातच असं नाही. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गटांच्या 'इतर हक्क' रकान्यात पुनर्वसन कायद्याच्या कलम १२ चा शेरा असू शकतो. तो दाखल्यात येत नाही, सातबाऱ्यावरच शोधावा लागतो.

दाखल्याची भाषा सावकाश वाचण्यासारखी असते. त्यात योजनेचं नाव, ती प्रारूप (मंजुरीआधीचा मसुदा) आहे की मंजूर, आणि मंजुरीच्या अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक असायलाच हवा. यातलं काही गाळलं असेल तर दाखला परत करून पुरा करून घ्यावा. प्रारूप आणि मंजूर यांतला फरक किती महागात पडतो, याचं ठळक उदाहरण पुणे महानगर प्रदेशाचं आहे. तिथली प्रारूप विकास योजना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने ती योजनाच रद्द केली. त्या भागाला पुन्हा १९९७ ची मंजूर प्रादेशिक योजना आधार झाली. मधल्या चार वर्षांत प्रारूपावरून दिलेले दाखले आजही व्यवहारात फिरतात. त्यांतला 'प्रस्तावित रहिवास' हा शब्द आता नुसता शब्द आहे. त्यावर इसार देणारा माणूस शेतजमिनीला प्लॉटचा भाव मोजत असतो. उलट बाजूनेही हेच खरं : प्रारूपात ज्यांच्या शेतावर रस्ता किंवा आरक्षण पडलं होतं त्यांनी आता नव्याने दाखला काढून ठेवावा. सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला समोर आला तर जावक क्रमांक घेऊन देणाऱ्या कार्यालयातून पडताळून घ्यावा. बनावट दाखले याच एका पायरीवर पकडले जातात.

'ग्रीन झोन आहे, म्हणजे इथे काही होणार नाही' हा समज आता या सेवेतल्या उणिवांपेक्षा मोठं नुकसान करतो. डिसेंबर २०२० पासून राज्यात बृहन्मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागात चालणाऱ्या वापरांची यादी वाचायला बसलं तर पानं उलटावी लागतात : शेतघर (किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर), कुक्कुटपालन, शीतगृह आणि गोदाम इथवर ती शेतीच्या आसपास राहते. मग पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, पर्यटन प्रकल्प, परवडणाऱ्या घरांचे प्रकल्प. एकात्मिक नगर वसाहत तर सलग ४० हेक्टर जमीन आणि ठरलेल्या रुंदीचा रस्ता असला की अधिमूल्य (शासनाला द्यायची जादा रक्कम) भरून शेती विभागातही होते. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाभोवती ठराविक अंतरात अधिमूल्यावर रहिवासालाही मुभा आहे. दाखल्यावर 'शेती व ना-विकास विभाग' असं छापलेलं असतं. त्या ना-विकासात काय काय बसतं हे दाखला सांगत नाही. सोबत अनुज्ञेय वापरांचा उतारा जोडला तर या सेवेचे गुण एका झटक्यात वाढतील. खात्याला त्यासाठी वेगळा खर्चही येणार नाही, नियमावली छापलेली आहेच.

शेतघरांच्या नावाखाली चालणारं प्लॉटिंग याच फटीतून येतं. एक गट विकत घ्यायचा, मुरमाचे अंतर्गत रस्ते, चार कोपऱ्यांना दगड, कमान आणि फाटक. प्रत्येकाला सामाईक सातबाऱ्यावर नाव आणि नोटरी केलेला ताबा-नकाशा. झोन हिरवाच राहतो, दाखलाही खराच असतो. पण ११ गुंठ्यांच्या 'फार्महाऊस प्लॉट'वर शेतघराची परवानगी मिळू शकत नाही, कारण किमान क्षेत्र ०.४ हेक्टर आहे आणि सामाईक गटातला आपला हिस्सा म्हणजे स्वतंत्र भूखंड नव्हे. हे बांधकाम नगररचना कायद्याच्या कलम ५२-५३ खाली अनधिकृत ठरतं. जाहिरातीतलं 'टच आर झोन' म्हणजे ती जमीन आर झोनमध्ये, म्हणजे रहिवास विभागात, नाही, असंच वाचावं.

मोबाईलवर गटाचा झोन दाखवणारी खासगी ॲपं आणि दलालांकडच्या केएमएल फायली (उपग्रह चित्रावर उघडणारे नकाशे) आता सर्रास वापरल्या जातात. जमीन शोधताना पहिल्या नजरेला त्या कामाच्या आहेत, खेटे वाचवतात. पण कागदी नकाशा स्कॅन करून उपग्रह चित्रावर ताणून बसवलेला असतो आणि कडेला तो काही मीटर सहज सरकतो. रेघेजवळच्या गटाला तेवढं सरकणं पुरेसं असतं. शिवाय रद्द झालेली प्रारूप योजना त्यात अजून रंगीत दिसत असेल तर ते ओळखायला आतली तारीख क्वचितच दिलेली असते. खरेदी, कर्ज किंवा हरकत यांपैकी कशालाही त्याचा आधार घेऊ नये.

आता ज्या गोष्टीमुळे गुण दीडवर अडकले ती. झोन बदलतो तो योजनेच्या फेरबदलाने : प्रादेशिक योजनेत कलम २०, विकास योजनेत कलम ३७. फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतींना साधारण महिन्याची मुदत असते, मग नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो आणि शासन निर्णय करतं. कायद्याने हरकत कोणीही घेऊ शकतं, जमीनमालकच असायला हवं असं नाही. एवढी चांगली तरतूद असूनही ती वाया जाते, कारण सूचना शिवारापर्यंत पोहोचतच नाही. शेतकरी जिल्ह्याच्या आवृत्तीतल्या जाहीर सूचनांचं पान रोज वाचत नाही. ज्या कार्यालयाकडे गटाची, झोनची आणि फेरबदलाच्या प्रस्तावाची सगळी माहिती आहे, त्याने लगतच्या गटधारकांना पत्र किंवा निदान एसएमएस पाठवणं अवघड नाही. सातबारा संगणकावर आहे, लगतचे गट कोणते हे भूनकाशाला ठाऊक आहे.

दुसरीकडे हे कसं करतात ते पाहावं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७३ पासून शेतजमिनीचा राखीव पट्टा आहे. त्यातून जमीन वगळायची मागणी असेल तर त्याची पाटी त्या जमिनीवरच लावावी लागते, येणारा-जाणारा वाचतो. आणि २०२० पासून खासगी मालकाला असा अर्ज थेट करताच येत नाही. जवळचं उदाहरण उलटं आहे. गोव्यात नगर नियोजन कायद्याच्या २०२३ मधल्या कलम १७(२) खाली प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाने एकेक भूखंडाचा पट्टा बदलला गेला, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवल्याशिवाय. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले. तिथेच २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला. विक्रीचं दार लावलं आणि पट्टा बदलायची खिडकी उघडी ठेवली, तर खाजन-मरडाची, म्हणजे खाडीकाठची आणि उंचावरची भातजमीन टिकत नाही.

सेवा सुधारेपर्यंत आपल्या हातात काय आहे ते सांगतो. दाखल्याच्या अर्जातच तीन प्रश्न लेखी घालावेत : या गटाबाबत किंवा लगतच्या गटांबाबत कलम २० अथवा ३७ खाली फेरबदल प्रस्तावित आहे का, नगररचना योजनेचा इरादा जाहीर झाला आहे का, योजनेतला कोणता रस्ता किंवा आरक्षण गटाला लागतं का. दाखल्याच्या छापील नमुन्यात या प्रश्नांना जागा नसते, त्यामुळे उत्तर टाळलं गेलं तर हेच प्रश्न माहिती अधिकारात टाकावेत. लगतच्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशाही कोणालाही मागता येतो, फक्त गट क्रमांक आणि गट नकाशा लागतो.

हरकत लिहिताना 'आमची जमीन सुपीक आहे' एवढ्यावर थांबू नये. शेजारी प्लॉट पडले की काय होतं ते जागेवरचं लिहावं. उदाहरणार्थ कालव्याची शेतचारी. वरच्या गटात भराव घालून कंपाउंडची भिंत उभी राहिली की चारी बुजते आणि चारीच्या टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) सगळ्या शेतकऱ्यांची पाण्याची पाळी जाते. ओढ्याची रुंदी भरावाने निम्मी झाली की पावसाळ्यात पाणी मागे तुंबतं, ऊस-कांद्याच्या वाफ्यात दोन-दोन दिवस उभं राहतं आणि मुळं सडतात. शोषखड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला येतात. पाणंदीवर फाटक बसतं आणि ट्रॅक्टरला वळसा पडतो. प्रत्येक मुद्द्याला गट क्रमांक, चारीचा क्रमांक, फोटो आणि गट नकाशावर खूण जोडावी. पाणीपट्टीच्या पावत्या जोडल्या की जमीन ओलिताखाली आहे हे सिद्ध होतं.

ई-पीक पाहणी मात्र प्रत्येक हंगामात स्वतः करावी. ती राहिली की सातबाऱ्याच्या बारामध्ये रकाना रिकामा राहतो किंवा 'पड' लागते, आणि फेरबदल मागणारा नेमका तोच उतारा जोडून 'जमीन पडीक आहे' असं मांडतो. सलग तीन वर्षांच्या पीकनोंदी हा हरकतीतला सगळ्यांत भक्कम कागद आहे. एकच मजकूर शंभर जणांच्या सहीने देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या गटाचा वेगळा मजकूर दिलेला बरा. एकसारख्या हरकती सुनावणीत एकत्र करून एका वाक्यात निकाली निघतात. ग्रामसभेचा ठराव सोबत असावा, पण त्यात गट क्रमांक आणि सूचनेचा दिनांक लिहिलेला हवा. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्यावा, आणि सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते म्हणून पत्ता व फोन नीट लिहावा. सुनावणीला हजर राहून म्हणणं लेखी नोंदवून घ्यावं. गैरहजर राहिलात तर हरकत फक्त कागदावर उरते.

दाखलाच मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याच कार्यालयातल्या नियुक्त वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हरकतीची मुदत चालू असेल तर अपिलाच्या निकालाची वाट पाहत बसू नये : दाखल्याविनाच, सातबारा आणि गट नकाशा जोडून हरकत दाखल करावी आणि 'दाखल्यासाठी अमुक तारखेला अर्ज केला आहे' म्हणून त्याच्या पोचेची प्रत लावावी.